पूर्व जेरुसलेमचा भाडेकरू, सात वर्षांची अट आणि मोफत कायदेशीर मदत: कुणाला प्रत्यक्ष माहिती आहे का?

कोंढव्याची_काकू

नमस्कार मंडळी. प्रश्न नेहमीचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या कोंढव्यातल्या घराच्या वरच्या खोलीत साडेसहा वर्षं एक मुलगा भाड्यानं राहतोय. पूर्व जेरुसलेममधल्या बेत हनीनाचा. २०१९ च्या जुलैत आला, इथेच फार्मसीत पदव्युत्तर झाला, आता पीएचडीचा प्रबंध लिहून होत आलाय. ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री दवाखान्यात बाकावर झोपला होता. माझा मुलगा कॅनडात आहे. तेव्हा धावून आला तो हाच, म्हणून मी भाडेकरू म्हणून विचारत नाहीये.

गेल्या रविवारी त्याच्या आईचा फोन आला आणि फोन ठेवून हा जिन्यातच बसून राहिला. तासाभरानं बोलला. येत्या जुलैत त्याला बाहेर राहून सात वर्षं होतात आणि सात वर्षं झाली की जेरुसलेममध्ये राहण्याचा त्याचा हक्क जाऊ शकतो. मला आधी कळेचना. अरे, जन्म तुझा तिथला, आजोबांचा तिथला, घर तुमच्या मालकीचं, मग हक्क जाईल कसा? तेव्हा त्यानं ओळखपत्र काढून दाखवलं. निळ्या कव्हरात आहे. तो तिथला 'कायम रहिवासी' आहे, नागरिक नाही. पासपोर्ट जॉर्डनचा आहे, पण तात्पुरता. जॉर्डनचा नागरिक म्हणूनही त्याला कुणी धरत नाही. म्हणजे हे निळं कार्ड गेलं तर हा पोरगा नक्की कुठला?

टाळेबंदीत दोन वर्षं तो इथेच अडकला होता. नंतर दोनदा घरी जाऊन आला, दोन्ही वेळा महिना-सव्वा महिना. त्या भेटी धरतात का? आता जर्मनीतून पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी बोलावणं आलंय, दोन वर्षांचं. जावं की नाही? वडिलांचं किराणा दुकान आहे, तिथला वकील परवडणार नाही. तो म्हणतो की फुकट लढणाऱ्या संस्था आहेत. त्या खरोखर मदत करतात का, आणि इथून पुण्यातून आम्ही काय कागद जमवून ठेवावेत? कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा. मला रात्री झोप लागत नाहीये.

---

नागपूर_बार

काकू, मी नागपूरला वकिली करतो. एलएलएमला आंतरराष्ट्रीय कायदा होता, तेव्हा या विषयावर बरंच वाचलं होतं. कायद्याची बाजू सांगतो, तिथलं रोजचं सांगणारे दुसरे कुणी येतील.

१९६७ च्या जूनमधल्या युद्धानंतर इस्राएलनं पूर्व जेरुसलेम आणि आजूबाजूची गावं मिळून सुमारे ७० चौरस किलोमीटर प्रदेश आपल्या महापालिकेत घातला. मग शिरगणती झाली. त्या वेळी जे घरात हजर सापडले त्यांना रहिवासी केलं. जे शिकायला, कामाला किंवा लढाईमुळे बाहेर होते ते राहिले बाहेरच. आणि हा रहिवासी दर्जा दिला कुठल्या कायद्याखाली? १९५२ च्या इस्राएल-प्रवेश कायद्याखाली. तो कायदा बाहेरून देशात येणाऱ्या परदेशी माणसांसाठी आहे. ही माणसं कुठून आली नव्हती, होती तिथेच होती. गाडं अडलंय ते इथे.

याच कायद्याखाली १९७४ साली नियम झाले. सात वर्षं बाहेर राहिलात, किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत, किंवा दुसरीकडे कायमच्या वास्तव्याचा परवाना घेतलात, तर तुम्ही बाहेर स्थायिक झालात असं धरतात. १९८८ साली मुबारक अवाद यांचा खटला झाला. हे जेरुसलेमचे, अमेरिकेत शिकले, तिथलं नागरिकत्व घेतलं, परत येऊन अहिंसक प्रतिकाराचा प्रचार करत होते. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आयुष्याचं केंद्र दुसरीकडे गेलं की हा दर्जा आपोआप संपतो, वेगळा आदेश काढायची गरज नाही. त्यांना देशाबाहेर काढलं.

१९९५ पासून गृहमंत्रालयानं ही 'आयुष्याचं केंद्र' कसोटी फार कडक लावायला सुरुवात केली. शहराच्या हद्दीबाहेर, दोन किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्यातल्या (म्हणजे वेस्ट बँकमधल्या) उपनगरात राहायला गेलेला माणूसही 'बाहेर गेलेला' ठरू लागला. १९६७ पासून आजवर १४ हजारांहून जास्त लोकांचा दर्जा गेलाय. एकट्या २००८ मध्ये साडेचार हजारांवर.

दोन आधार आहेत. २००० साली तेव्हाचे गृहमंत्री नातान शारान्स्की यांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. परत येऊन दोन वर्षं राहिलेल्या आणि मधल्या काळात संबंध टिकवलेल्या लोकांना दर्जा परत मिळण्याची वाट त्यातून निघाली. आणि २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका माणसाचा दर्जा परत देताना म्हटलं की पूर्व जेरुसलेमचे हे लोक मुळात तिथलेच आहेत, परदेशातून आलेल्यांसारखी वागणूक त्यांना देता येत नाही, त्यांचं शहराशी असलेलं नातं लक्षात घ्यायला हवं. या निकालाचा संदर्भ आता अशा बहुतेक अर्जांत येतो.

जर्मनीत तात्पुरता परवाना घेणं वेगळं आणि कायमचा घेणं वेगळं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसवा. बाकी इथे एक मिरजेच्या ताई जेरुसलेमहून लिहितात, त्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

---

मिरजकर_जेरुसलेम

वाचलं दादा. काकू, आधी त्या मुलाला पोटभर जेवू घाला आणि सांगा की हातात पाच महिने आहेत, रडत बसू नकोस.

मी मिरजेची, नर्सिंग तिथेच केलं. नवरा पुण्यात बी. फार्म.ला होता, तुमच्या मुलासारखाच. २००४ साली लग्न करून इथे आले. सासर शुआफातला, म्हणजे तुमच्या मुलाच्या बेत हनीनाला लागूनच. मी वकील नाही, पण दवाखान्यात काम करता करता हिब्रू वाचायला शिकले, त्यामुळे गल्लीतल्या बायका फॉर्म घेऊन माझ्याकडेच येतात. वीस वर्षं या कागदांत गेली.

सात वर्षांचं आधी. साडेसहा म्हणजे सुरक्षित आणि सात म्हणजे संपलं, असं इथे चालत नाही. सातच्या आतही 'केंद्र हललं' म्हणून कागद अडवलेले मी पाहिलेत, आणि नऊ-दहा वर्षांनी परत आलेल्यांना भांडून दर्जा परत मिळालेलाही पाहिलाय. मधल्या भेटींनी आधार मिळतो, पण भेट म्हणजे राहणं नव्हे, असं समोरच्याचं म्हणणं असतं. म्हणून जुलैच्या आधी त्यानं इथे येऊन राहायला लागणं हे सगळ्यात चांगलं. प्रबंध शेवटी बेत हनीनातल्या टेबलावर बसूनही पुरा होईल. जर्मनीचं वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कळवू नका, ना होकार ना नकार.

आता मदतीबद्दल. संस्था खऱ्या आहेत आणि पैसे मागत नाहीत. जेरुसलेमची हामोकेद १९८८ पासून आहे, लोट्टे साल्झबर्गर या नाझी छळातून वाचलेल्या बाईंनी पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या वेळी सुरू केलेली. राहण्याचा हक्क, कुटुंब एकत्र आणणं, जॉर्डनच्या हद्दीवरच्या पुलावर अडवलेला माणूस, हेच त्यांचं रोजचं काम. सेंट इव्ह ही कॅथलिक संस्था १९९१ पासून आहे, पण तिथे ख्रिस्ती-मुसलमान असा भेद नाही. जेरुसलेम लीगल एड सेंटर सगळ्यात जुनं, १९७४ चं. हैफाची अदाला मोठ्या घटनात्मक खटल्यांत असते. गाझातल्या लोकांच्या ये-जा करण्यासाठी गिशा आहे, २००५ पासून. पण गाझाचं आज इतकं वेगळं आणि इतकं भयंकर आहे की ते या धाग्यात नको.

हे सगळं ऐकून माणसाला वाटतं की वकील म्हणजे कोर्ट. मलाही तसंच वाटायचं. माझी स्वतःची फाइल एका कचेरीतून दुसरीकडे जाताना हरवली होती. चौदा महिने खिडकीवर एकच उत्तर, 'तपासणी चालू आहे'. शेवटी सासूबाईंनी हाताला धरून एका संस्थेत नेलं. तिथल्या वकीलबाईंनी मला कायद्यातलं एक अक्षर विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, मुलीची लसीची वही कुठे आहे?

मी बघतच राहिले. मग हळूहळू कळलं. 'मरकज अल-हयात', म्हणजे आयुष्याचं केंद्र, हे शब्द इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि ते केंद्र सिद्ध करायचं ते कागदांनी. घरावरचा महापालिकेचा कर, त्याला इथे अर्नोना म्हणतात, त्याच्या पावत्या. विजेचं बिल, पाण्याचं बिल. राष्ट्रीय विम्याचे कागद. पोरांच्या शाळेचे दाखले, प्रत्येक वर्षाचे, सलग. दवाखान्याच्या नोंदी. लस कुठल्या केंद्रात टोचली आणि कुठल्या तारखेला टोचली, त्यावरून कळतं की तान्हं मूल त्या महिन्यात कुठे होतं.

सासूबाईंकडे नाब्लुसच्या साबणाचं एक मोठं खोकं आहे, जाड पुठ्ठ्याचं. जैतुनाच्या तेलाचा तो साबण संपला, खोकं राहिलं. त्यात लग्नापासूनची बिलं, वर्षावार सुतळीनं बांधलेली. कुठलाही गठ्ठा काढला की साबणाचा वास येतो. त्यांना लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण कुठल्या वर्षाच्या गठ्ठ्यात काय आहे ते हात घालून सांगतात. एकदा पहाटे सहाला तपासनीस आले होते. कपाट उघडून बघितलं, न्हाणीघरातले ब्रश मोजले, फ्रीज उघडून दूध आहे का पाहिलं. मी इथली नवी, मला कापरं भरलं होतं. सासूबाईंनी काही न बोलता खोकं आणून चटईवर ठेवलं आणि चहा टाकायला गेल्या. तो माणूस पाऊण तास मांडी घालून बिलं उलगडत होता.

माझ्या कामात पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे पद्धत कळेल. वकीलबाईंनी आधी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं पत्र, मुदत घालून. उत्तर नाही. तिसरं पत्र, त्यात स्पष्ट की आता अमुक तारखेला आम्ही दावा लावू. तरी नाही. मग दावा लावला. सुनावणीला नऊ दिवस उरले असताना फोन आला, फाइल सापडली, कागद घेऊन या. दावा मागे घेतला गेला. निकाल नाही, कुठे छापून येणार नाही, पुढच्या बाईला दाखवायला काही नाही. पण मी घरी राहिले. अशी शेकडो कामं होतात इथे.

तुमच्या मुलासाठी आजपासून पुण्यात काय करायचं, तर: कॉलेजचं पत्र घ्या की तो शिक्षणासाठी आलाय, कोर्स अमुक तारखेला सुरू झाला आणि अमुक तारखेला संपतोय. प्रत्येक वर्षाचा विद्यार्थी व्हिसा आणि पोलिसांकडची परदेशी विद्यार्थी म्हणून नोंदणी, सगळ्याच्या प्रती. टाळेबंदीत विमानं बंद होती तेव्हा त्याचं तिकीट रद्द झालं असेल तर तो मेल सोन्यासारखा जपा. दोन्ही भेटींचे शिक्के. तुमच्याबरोबरचा भाडेकरार, त्यात 'अकरा महिने' लिहिलंय हे फार चांगलं, कारण ती जागा तात्पुरती आहे हे त्यावरून दिसतं. तिकडे आईला सांगा की त्याच्या नावानं जे काही घरी येतं, बँकेचं, दवाखान्याचं, ते एकही टाकू नये. आणि संस्थेला त्यानं स्वतः फोन करावा, अरबीत बोलावं. काकू, तुम्ही करू नका. ते माणसाच्या तोंडून ऐकतात.

---

संभाजीनगर_वाचक

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून विचारतो, कारण हा प्रश्न मला खरंच छळतो.

ज्या व्यवस्थेनं हक्क काढून घेतला तिच्याच कोर्टात जाऊन अर्ज करायचे, यानं त्या व्यवस्थेला मान्यता मिळत नाही का? कुटुंब एकत्र राहण्यावर बंदी आणणारा तात्पुरता कायदा २००३ सालचा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो सहा विरुद्ध पाच मतांनी ठेवला, २०१२ मध्ये पुन्हा सहा विरुद्ध पाच. २०२१ मध्ये संसदेत मुदतवाढ पडली तर २०२२ च्या मार्चमध्ये नवा केला. 'तात्पुरता' कायदा वीस वर्षांवर चाललाय. २००९ साली बेथलेहेम विद्यापीठातली एक मुलगी, पदवीला दोन महिने उरलेले, नोंद गाझाची म्हणून लष्कराच्या नाक्यावर उतरवून घेतली आणि त्याच रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून गाझात नेऊन सोडली. गिशा तिच्या बाजूनं लढली. कोर्टानं परत येऊ दिलं नाही.

बेत्सेलेम या इस्राएली संस्थेनं २०१६ च्या मे महिन्यात जाहीर केलं की लष्कराकडे तक्रारी देणं आम्ही थांबवतोय, कारण त्यातून फक्त चौकशी झाल्याचा देखावा उभा राहतो. मला तो निर्णय पटला. २०२४ च्या जुलैत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आपल्या सल्लागार मतात राहण्याचे परवाने आणि ये-जा करण्यावरच्या बंधनांचा भेदभाव म्हणून उल्लेख केला. मग लढाई तिथे न्यायला नको का?

---

तासगाव_द्राक्षवाला

मध्येच विचारतो, माफ करा. भिंतीपलीकडे स्वतःच्या शेतात जायला परवाना लागतो असं ऐकलंय. ते खरं आहे का ताई? मालक स्वतः असला तरी?

---

मिरजकर_जेरुसलेम

आधी तासगावच्या दादांना, कारण तुम्ही आमच्या सांगलीकडचे.

हो, खरं आहे. २००२ पासून भिंत आणि कुंपण बांधायला घेतलं, त्याचा बराच भाग पश्चिम किनाऱ्याच्या आतून जातो. कुंपण आणि १९६७ पूर्वीची हद्द यांच्यामधली जमीन म्हणजे सीम झोन. तिथे आपल्याच शेतात जायला लष्कराचा परवाना लागतो. फाटकं ठरल्या वेळी थोडी थोडी उघडतात, काही तर फक्त जैतुनाच्या तोडणीला. माझ्या नवऱ्याच्या मावशीचं सासर कल्किल्याकडे आहे, त्यांची जैतुनं पलीकडे. मालकी दाखवायला तुर्कांच्या किंवा जॉर्डनच्या काळचा कागद काढायचा. आपल्याकडे सातबारा काढायला तलाठ्याकडे जातो तसंच, पण इथे तो कागद बहुधा आजोबांच्या नावावर असतो. मग नियम आला की ३३० चौरस मीटरपेक्षा कमी तुकडा असेल तर त्यात शेतीची गरजच धरायची नाही. ३३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीन गुंठे. पाच भाऊ, दोन बहिणी, जमीन कधी वाटलेली नाही, सगळे मिळून कसतात. पण परवाना देताना प्रत्येकाचा हिस्सा कागदावर पाडून मोजला की एकेकाच्या वाट्याला तेवढीही येत नाही. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. हामोकेदनं या हिशोबावर वर्षानुवर्षं दावे लढवलेत. आणि २०२३ च्या ऑक्टोबरनंतर तर बहुतेकांना पलीकडे पाऊल टाकता आलेलं नाही. मावशी म्हणतात, झाडं कुंपणातून दिसतात, बुंध्याशी फुटवे माजलेत ते कापायला कुणी नाही.

आता संभाजीनगरच्या दादांना.

तुमचा प्रश्न आमच्या घरात दर शुक्रवारी जेवायच्या ताटावर असतो. माझा दीर अगदी तुमचेच शब्द बोलतो. आणि रविवारी, म्हणजे इथला कामाचा पहिला दिवस, सकाळी सहाला तोच फाइल काखेत घेऊन रांगेत उभा असतो. का, ते सांगते.

माझी जाऊ बेथलेहेमची. जेरुसलेम ते बेथलेहेम अंतर आपल्या मिरज-सांगलीएवढं. मी चार हजार किलोमीटरवरून आले, मला इथली भाषा येत नव्हती, धर्म वेगळा, माझं कुणी नाही इथे. मला टप्प्याटप्प्यानं कागद मिळत गेले. आधी तात्पुरता परवाना, मग तात्पुरता रहिवासी दर्जा. फाइल हरवली नसती तर पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात कायमचा दर्जा झाला असता. तिच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, तीन मुलं इथे जन्मली, तिच्याकडे आजही वर्षाचा परवाना आहे. तसरीह. दर वर्षी नव्यानं. कारण ती पॅलेस्टिनी, पश्चिम किनाऱ्याची, म्हणून तिला २००३ चा कायदा लागू, आणि मी भारतीय, म्हणून मला नाही. लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. बाईला पंचविशीपर्यंत आणि पुरुषाला पस्तिशीपर्यंत अर्जच करता येत नाही. ती दोन वर्षं कशी काढायची?

तर ती दोघं काफर अकबला राहायला गेली. काकू, तुमच्या मुलाला विचारा, तो सांगेल काफर अकब काय आहे ते. महापालिकेच्या हद्दीत आहे, पण भिंतीच्या पलीकडे. तिथे राहिलं तर दिराचं 'केंद्र' जेरुसलेमात राहतं आणि जावेला नाका न ओलांडता नवऱ्याच्या घरी झोपता येतं. अशी हजारो जोडपी तिथे जमली, म्हणून एकाला एक चिकटून दहा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. अर्नोना पुरा भरायचा, कचरा उचलायला गाडी येईल तेव्हा येईल. दिराला मात्र आईकडे यायचं तर कलंदिया नाक्यावरून, सकाळी दीड तास.

पंचविशी झाल्यावर तिनं अर्ज केला. परवाना मिळाला आणि मग ती शुआफातला येऊ शकली. पण नूतनीकरणाला उशीर झाला की जुना संपलेला, नवा आलेला नाही, अशा मधल्या आठवड्यांत ती दाराबाहेर पडत नाही. एकदा असेच अकरा आठवडे गेले. धाकट्याला ताप आला, मी घेऊन गेले दवाखान्यात. आई कुठे आहे, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या अकराव्या आठवड्यात वकिलांनी अंतरिम आदेश मिळवला, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत हिला घरातून काढायचं नाही. एका पानाचा कागद. तिनं त्याच्या चार झेरॉक्स काढल्या, एक पर्समध्ये, एक स्वयंपाकघरात, एक शाळेत, एक माझ्याकडे.

दादा, तुम्ही म्हणता तसं यानं कायदा बदलला नाही. मला मान्य आहे. बेत्सेलेमनं केलं ते मला चूक वाटत नाही. पण त्यांनी ज्या तक्रारी थांबवल्या त्या सैनिकांच्या वागण्याच्या होत्या. जावेला कोण सांगणार की तू या वर्षी परवाना मागू नकोस, मान्यता मिळते?

आणखी एक. तुम्ही-आम्ही जे आकडे बोलतो ते आले कुठून? १४ हजारांचा आकडा कुठल्या मंत्रालयानं पेपरात छापला नव्हता. हामोकेदसारख्या संस्था माहितीच्या अधिकाराखाली वर्षानुवर्षं मागत राहिल्या तेव्हा तो बाहेर आला. २०११ साली असंच उघड झालं की १९६७ ते १९९४ या काळात पश्चिम किनाऱ्यातल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा राहण्याचा हक्क गुपचूप काढून घेतला होता. अॅलनबी पुलावरून जॉर्डनकडे बाहेर जाताना ओळखपत्र जमा करायचं, बदल्यात तीन वर्षांचं जाण्याचं कार्ड मिळायचं. मुदत वाढवून घेऊनही ठरल्या वेळेत परतला नाहीत की नाव कमी. नवऱ्याचे एक मामा रामल्लाहून सत्तरच्या दशकात कुवेतला शिक्षक म्हणून गेले, त्यांचं असंच झालं. त्यांना वाटत होतं की आपणच कुठला फॉर्म भरायला विसरलो. तीस-पस्तीस वर्षं स्वतःला दोष देत होते. तो आकडा पेपरात आला तेव्हा त्यांनी अम्मानहून फोन केला आणि नुसतं एवढंच म्हणाले, 'म्हणजे मी एकटा नव्हतो.' हे काम वकिलांच्या चिकाटीनंच झालं. हेगला जायलाही हाच पुरावा लागतो.

---

संभाजीनगर_वाचक

ताई, मामांचं वाचून थांबलो. मी हे पुस्तकांतून बोलत होतो. आकडे कुठून आले हा विचार मी केला नव्हता, हे कबूल करतो. कायदा तसाच राहिला याची बोच मात्र आहे आणि राहील.

---

नागपूर_बार

ताईंच्या यादीत एक भर. काकू, कॉलेजच्या पत्रावर 'पूर्णवेळ विद्यार्थी' हे शब्द आणि मूळ शिक्का असू द्या, आणि पत्र इंग्रजीत घ्या, म्हणजे तिथे भाषांतराचा खर्च वाचेल. वकालतनाम्यावर इथून सही करायची वेळ आली तर नोटरीचं मी पुण्यातल्या एका मित्राकडून विनामोबदला करून देतो. निरोप पाठवा.

---

कोंढव्याची_काकू

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. मिरजेच्या ताई, तुमचं लिहिणं मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, थांबून थांबून हिंदीत सांगत. काफर अकबचं नाव आलं तेव्हा त्यानं मान हलवली. त्याची मोठी बहीण तिथेच राहते, हे मला साडेसहा वर्षांत ठाऊक नव्हतं.

काल आम्ही दोघांनी त्याची ट्रंक गच्चीवर उपसली. व्हिसाच्या प्रती सापडल्या, एका वर्षाची सोडून, ती तो कॉलेजातून काढणार आहे. २०२० च्या एप्रिलचं रद्द झालेल्या तिकिटाचं मेल जुन्या फोनात निघालं. ह्यांनी सगळे भाडेकरार शोधून दिले, सातही. नागपूरच्या वकीलसाहेबांना निरोप टाकलाय. गाइडबाई चांगल्या निघाल्या, म्हणाल्या की शेवटची दोन प्रकरणं तू घरून पाठव. मेच्या दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट बघतोय. जर्मनीवाल्यांना 'विचार करायला वेळ द्या' एवढंच ताईंनी सांगितलेल्या फोननंतर कळवणार आहे.

फोन त्यानं आज दुपारी केला, स्वतः, अरबीत. पंचवीस मिनिटं चालला होता. समोरच्या बाईंनी पहिल्यांदा घरची बिलं विचारली, म्हणून त्यानं लगेच आईला लावला. स्पीकरवर होता, मला भाषा कळत नाही, नंतर त्यानं सांगितलं. आई म्हणाली, लग्नापासूनची एकही फेकलेली नाही, कुठल्या वर्षाची हवीत ते बोल.